बरणीतील देह आणि हरवलेले नाव : वैद्यकीय व न्यायवैद्यकीय संग्रहालयांचे एक समीक्षात्मक वाचन

प्रस्तावना :

संग्रहालय म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर नाणी, ताम्रपट, शिल्पे, शस्त्रे आणि हस्तलिखिते उभी राहतात. मराठवाड्यातील अभ्यासकाला तेरचे रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय आठवते, पुण्याला जाऊन आलेल्यास राजा दिनकर केळकर संग्रहालयातील दिवे आणि अडकित्ते आठवतात. परंतु याच महाराष्ट्रात संग्रहालयाचा आणखी एक प्रकार गेली पावणेदोनशे वर्षे अस्तित्वात आहे, ज्याची दखल आपल्या सांस्कृतिक चर्चेने जवळपास घेतलेली नाही. तेथे मांडलेली वस्तू म्हणजे मानवी देह किंवा त्या देहाचा एखादा भाग होय. शरीररचनाशास्त्र, विकृतिशास्त्र आणि न्यायवैद्यकशास्त्र या विभागांना स्वतःचे संग्रहालय असावे, ही वैद्यकीय महाविद्यालयाच्या मान्यतेसाठी नियामक संस्थेने घातलेल्या किमान अटींपैकी एक अट आहे. म्हणजे ज्या ज्या शहरात वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्या त्या शहरात असे संग्रहालय आहे. नांदेडमध्ये १९८८ पासून आणि लातूरमध्ये २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आपल्या विद्यापीठ परिक्षेत्रातील ही दोन्ही प्रमुख शहरे या चर्चेच्या कक्षेत येतात ती यामुळे.

प्रस्तुत निबंधात या संग्रहालयांचे वैद्यकीय मूल्यमापन करावयाचे नाही. तो अधिकार त्या शास्त्रातील तज्ज्ञांचा आहे. साहित्याचा अभ्यासक ज्या पद्धतीने संहिता वाचतो त्या पद्धतीने हे संग्रहालय वाचता येते काय, एवढाच येथे प्रश्न आहे. बरणीवरची चिठ्ठी ही गद्याची कदाचित सर्वांत आखूड रचना असेल. पण तिलाही निवेदक आहे, तिचाही अपेक्षित वाचक आहे, आणि तिने काही सांगितले आहे तसे बरेच काही गाळलेही आहे. मिशेल फुको यांनी चिकित्सालयाच्या जन्मासंबंधी १९६३ साली जे विवेचन केले, किंवा डेव्हिड अरनॉल्ड यांनी वसाहतकालीन भारतातील देह आणि वैद्यक यांच्या संबंधावर १९९३ साली जो ग्रंथ लिहिला, त्यांचा उल्लेख अशा विषयावर अपरिहार्य ठरतो. मात्र या निबंधाचा भर सिद्धान्तापेक्षा आपल्या भाषेतील दोन-तीन शब्दांवर आणि काही प्रत्यक्ष उदाहरणांवर आहे.

'नमुना' आणि 'इसम' :

संग्रहालयातील बरणीत जे असते त्याला मराठीत 'नमुना' म्हणतात. हा शब्द ग्रामीण महाराष्ट्राला चांगलाच परिचित आहे. गाव नमुना सात-बारा, ग्रामपंचायतीचा नमुना नंबर आठ. या 'नमुन्या'चे वैशिष्ट्य असे की त्यात नाव असते. किंबहुना नावासाठीच तो असतो. सात-बाऱ्यावर नाव लागावे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या भांडतात, तलाठ्याकडे खेटे घालतात, न्यायालयात जातात. संग्रहालयातील नमुना याच्या नेमका उलट आहे. तो नमुना व्हावा यासाठी नाव काढून टाकावे लागते. यकृत हे अमक्याचे यकृत असेतोवर ते त्या माणसाचा अवयव असते. त्याला क्रमांक मिळाला की ते यकृताच्या एका विकाराचे उदाहरण बनते. शास्त्राच्या दृष्टीने हे आवश्यक आहे, हे मान्यच करावे लागेल. विद्यार्थ्याला विकार ओळखावयाचा असतो, व्यक्ती नव्हे. रुग्णाची गोपनीयता राखण्यासाठीही नाव झाकणे योग्यच आहे. तथापि नाव झाकणे आणि नाव नाहीसे होणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिल्या क्रियेत नाव कुठेतरी, एखाद्या नोंदवहीत, सुरक्षित असते. दुसऱ्या क्रियेत ते कुणीच लिहून ठेवलेले नसते.

दुसरा शब्द पोलिसी पंचनाम्यातला. 'अनोळखी मयत इसम, वय अंदाजे पंचेचाळीस' या धर्तीचे वाक्य स्थानिक वृत्तपत्रात आपण नेहमी वाचतो. 'इसम' हा शब्द अरबीतून आला आहे आणि मूळ भाषेत त्याचा अर्थ 'नाव' असा आहे. निजामी राजवटीत ज्यांच्या आजोबांनी उर्दूतून शिक्षण घेतले त्या मराठवाड्यातील घरांत 'इस्म' हा शब्द या अर्थाने अजूनही कळतो. मराठीने त्याचा अर्थ 'व्यक्ती' असा करून घेतला. कारकुनी यादीत एक नाव म्हणजे एक माणूस, असा तो प्रवास असावा. त्यामुळे 'अनोळखी इसम' याचा शब्दशः अर्थ 'अनोळखी नाव' असा होतो, म्हणजे ज्याला नाव नाही असे नाव. भाषेने नकळत साधलेला हा विरोधाभास न्यायवैद्यकीय संग्रहालयाच्या दारावर लिहून ठेवावा इतका समर्पक आहे.

तिसरा शब्द 'बेवारस'. ज्याला वारस नाही तो. १९४९ च्या मुंबई शरीररचनाशास्त्र कायद्याने ज्या मृतदेहावर कुणी हक्क सांगत नाही तो वैद्यकीय शिक्षणासाठी देण्याची तरतूद केली. या कायद्याचे कूळ १८३२ च्या इंग्लंडमधील कायद्यापर्यंत जाते. १८२८ साली एडिंबरो येथे बर्क आणि हेअर या दोघांनी शवविच्छेदनासाठी मृतदेह विकता यावेत म्हणून खून केल्याचे उघड झाले, त्यानंतर हा कायदा आला. प्रेतांची चोरी आणि खून यांना त्याने आळा घातला हे खरे. परंतु त्याने एक वर्गरेषाही आखली. ज्याला अंत्यविधीचा खर्च करणारे कुणी आहे त्याचा देह घरी जातो, ज्याला नाही त्याचा देह विच्छेदनाच्या मेजावर जातो. 'बेवारस' हा शब्द जणू नातेसंबंधांविषयी बोलतो. प्रत्यक्षात तो बहुतेकदा दारिद्र्याविषयी, स्थलांतराविषयी, उसतोडीसाठी किंवा बांधकामावर दूर गेलेल्या माणसाविषयी बोलत असतो. ज्याचे गाव तीनशे किलोमीटरवर आहे आणि ज्याच्या खिशात ओळखपत्र नाही, तो वारस असूनही बेवारस ठरू शकतो.

अशा लेखनात सुश्रुताचा दाखला देण्याची प्रथा आहे, आणि तो येथे अप्रस्तुतही नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मृतदेह वाहत्या पाण्यात ठेवून तो मऊ झाल्यावर एकेक थर खरवडून पाहण्याची पद्धत सांगितली आहे. ती सांगताना देह कोणता निवडावा हेही सांगितले आहे : सर्व अवयव असलेला, विषाने न मेलेला, दीर्घ आजाराने न खंगलेला, शंभर वर्षांचा न झालेला. देह कोणाचा, हा प्रश्न मात्र तेथेही नाही. परंपरेचा अभिमान बाळगताना एवढी नोंद घ्यावयास हरकत नसावी.

मुंबईचा वारसा :

महाराष्ट्रातील आधुनिक वैद्यकीय शिक्षणाचा आरंभ मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयापासून होतो. गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या स्मरणार्थ १८४५ मध्ये ते सुरू झाले आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून त्याला जोडून रुग्णालय उभे राहिले. या संस्थेच्या इतिहासात नावांची कमतरता नाही. ग्रँटचे नाव महाविद्यालयाला, जीजीभाईंचे नाव रुग्णालयाला. प्लेगच्या साथीत १८९७ च्या जानेवारीत ज्यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली त्या वाल्देमार हाफकिन यांची प्रयोगशाळाही येथेच होती आणि त्यांचे नाव पुढे परळच्या संस्थेला मिळाले. पहिल्या तुकडीतून १८५१ साली बाहेर पडलेल्यांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. भायखळ्याच्या ज्या संग्रहालयाच्या उभारणीत त्यांचा वाटा होता, त्यालाच १९७५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. महाविद्यालयाच्या विच्छेदनकक्षात शिकलेला एक मराठी विद्यार्थी शंभरावर वर्षांनी संग्रहालयाचे नाव बनला. ज्या देहांवर तो शिकला त्यांच्याविषयी मात्र कुठेही काही लिहिलेले आढळणार नाही.

या संदर्भात हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. 'ग्रेज ॲनाटॉमी' हा ग्रंथ वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी वाचला. १८५८ साली तो लंडनमध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्यातील सर्व चित्रे काढणारे कार्टर त्याच वर्षी मुंबईत आले आणि ग्रँट महाविद्यालयात शिकवू लागले. पुढे त्यांनी महारोग, पायाचा 'मदुरा' विकार आणि पुनरावर्ती ज्वर यांवर संशोधन केले, साताऱ्यास सिव्हिल सर्जन म्हणून काम केले आणि महाविद्यालयाचे प्राचार्यपदही सांभाळले. ग्रंथ मात्र ग्रे यांच्या नावाने अजरामर झाला. चित्रकार मागे पडला. येथे नावाची उतरंड स्पष्ट दिसते. सर्वांत वर लेखक, त्याच्या खाली चित्रकार, आणि सर्वांत तळाशी ते देह ज्यांच्यावरून चित्रे काढली गेली. १८३२ च्या कायद्यामुळे ते देह लंडनच्या दरिद्री वर्गातूनच आले असणार, असे या ग्रंथाच्या इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. अलीकडच्या काळात कार्टर यांना त्यांचे श्रेय मिळू लागले आहे. तिसऱ्या थराला श्रेय देण्याची सोयच उरलेली नाही.

भारताच्या बाबतीत हा थर केवळ देशांतर्गत राहिला नाही. १९८५ साली निर्यातीवर बंदी येईपर्यंत जगभरातील वैद्यकीय विद्यार्थी ज्या मानवी सांगाड्यांवर शिकत होते त्यांपैकी फार मोठा वाटा भारतातून जात असे. परदेशातील एखाद्या शाळेच्या कपाटात आजही उभा असलेला सांगाडा कुणा भारतीयाचा असण्याची शक्यता बरीच आहे. तो बंगालचा की बिहारचा, स्त्रीचा की पुरुषाचा, हे शास्त्र सांगू शकेल. त्याचे नाव काय, हे सांगणारे कुणी नाही.

ससूनमधील खोली :

वरील सर्व विवेचनाला छेद देणारे एक ठिकाण महाराष्ट्रातच आहे. पुण्याचे ससून रुग्णालय डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ मध्ये उभे राहिले. या ऐतिहासिक रुग्णालयात एक शस्त्रक्रियागृह स्मारक म्हणून जपून ठेवले आहे. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी येथे महात्मा गांधींच्या आंत्रपुच्छावर शस्त्रक्रिया केली. गांधीजी त्या वेळी येरवडा कारागृहात सहा वर्षांची शिक्षा भोगत होते. शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली आणि ती कंदिलाच्या उजेडात पूर्ण करावी लागली, ही हकिकत चरित्रग्रंथांतून प्रसिद्ध आहे. ५ फेब्रुवारीस सरकारने त्यांची सुटका केली.

संग्रहालयाच्या दृष्टीने या खोलीचे वेगळेपण कोणते? येथे मेज आहे, उपकरणे आहेत, परंतु देह नाही. विकृतिशास्त्राच्या संग्रहालयात अवयव आहे आणि नाव नाही. येथे नाव आहे आणि अवयव नाही. गांधीजींचे आंत्रपुच्छ बरणीत ठेवून त्यावर क्रमांक टाकण्याची कल्पनाही आपल्याला असह्य वाटते. मग तीच कल्पना शेकडो अनामिकांच्या बाबतीत इतकी सहज का वाटते? केवळ सवयीने, असे उत्तर देता येईल. पण सवय हे उत्तर नव्हे, ते प्रश्नाचेच दुसरे रूप आहे.

याहून महत्त्वाची बाब संमतीची आहे. गांधीजी कैदी होते, त्यांच्या देहावर त्या क्षणी राज्यसंस्थेचा ताबा होता. तरीही शस्त्रक्रियेपूर्वी त्यांची लेखी संमती घेण्यात आली. व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री त्या वेळी उपस्थित होते आणि आजारी गांधीजींनी त्या निवेदनावर सही केली. कैद्याचा मृत्यू झाला असता तर देशभर काय उसळले असते याची धास्ती सरकारला होती, हे उघड आहे. म्हणून या संमतीला निव्वळ नीतिमत्तेचा नमुना म्हणता येणार नाही. पण त्या कागदामुळे एक गोष्ट सिद्ध होते. मेजावर झोपणाऱ्याला विचारणे शक्य होते आणि ते कसे विचारावे हे वैद्यकाला शंभर वर्षांपूर्वीही ठाऊक होते. प्रश्न एवढाच की कोणाला विचारले गेले.

विषाची मांडणी :

न्यायवैद्यकीय संग्रहालयाचे स्वरूप विकृतिशास्त्राच्या संग्रहालयाहून भिन्न असते. तेथे रोगाऐवजी मृत्यूचे कारण मांडलेले असते. मराठवाड्यातील एका वैद्यकीय महाविद्यालयातील असा विभाग प्रस्तुत लेखकास परवानगीने पाहता आला. तुटलेली कवटी, गळफासाची दोरी, वेगवेगळ्या शस्त्रांनी होणाऱ्या जखमांची मेणाची प्रतिरूपे, बरणीत वेटोळे घातलेले घोणस आणि मण्यार, आणि भिंतीलगतच्या लांब फळीवर विषे. मांडणी नीटनेटकी होती आणि सोबत आलेल्या अध्यापकांनी प्रत्येक गोष्ट आस्थेने समजावून सांगितली. सर्व चिठ्ठ्या इंग्रजीत होत्या.

विषाची ही फळी साहित्याच्या अभ्यासकाने विशेष थांबून पाहावी अशी आहे. धोतरा, कण्हेर, गुंज, कुचला, बिब्बा, रुई, बचनाग. यांतील बहुतेक नावे आपल्या घरातली आहेत. कण्हेर अंगणात असते आणि तिची फुले देवाला जातात. धोतरा शंकराला वाहतात, रुईची पाने शनिवारी मारुतीला. गुंजेने सोनार सोने तोलत असे आणि तिच्यावरून 'गुंजभर' हा शब्द भाषेत आला. बिब्बा तर लिंबू-मिरचीसोबत दारावर टांगलेला असतो आणि 'बिब्बा घालणे' हा वाक्प्रचार घराघरात आहे. संग्रहालयात आल्यावर या वनस्पतींचे हे सगळे आयुष्य गळून पडते. बिब्ब्याच्या रसाने अंगावर खोटे वळ उठवून मारहाणीची तक्रार करता येते, गुंजेचा लेप लावलेली सुई टोचून गुरे मारता येतात, धोतऱ्याने प्रवाशाला बेशुद्ध करून लुटता येते, एवढेच शिल्लक राहते. हे ज्ञान खोटे नाही. न्यायालयात त्याचा उपयोग होतो. मात्र ते ज्या काळात रचले गेले त्या काळाची छाप त्यावर आहे. नॉर्मन चेव्हर्स यांचा न्यायवैद्यकावरील ग्रंथ १८५६ चा, जयसिंग मोदी यांचा सुप्रसिद्ध ग्रंथ १९२० चा. चेव्हर्स यांच्यासारख्या वसाहतकालीन लेखकाला या देशातील गुन्हा हा येथील लोकांच्या स्वभावाचा भाग वाटत होता, आणि विषाच्या फळीची रचना मुळात त्या नजरेने झालेली आहे.

त्याच नजरेतून १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. माणूस गुन्हा करतो म्हणून नव्हे तर विशिष्ट जातीत जन्मतो म्हणून गुन्हेगार, हे त्या कायद्याचे गृहीतक होते. तत्पूर्वी, १८३० च्या दशकात, फाशी दिलेल्या ठगांच्या सात कवट्या सागरहून एडिंबरोच्या मस्तिष्कविज्ञान मंडळाकडे धाडण्यात आल्या होत्या. कवटीच्या उंचवट्यांत गुन्हेगारी वृत्ती शोधण्यासाठी. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. कायदा जातो, नजर राहते. याचा पुरावा आपल्याला फार दूर शोधावा लागत नाही. लातूर जिल्ह्यातील लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) हे आत्मकथन, ज्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, याच नजरेखाली जगलेल्या माणसांचे आहे. न्यायवैद्यकीय संग्रहालयात 'ओळख' हा स्वतंत्र विभाग असतो : बोटांचे ठसे, दात, हाडांवरून वय, गोंदण. 'उचल्या' वाचलेल्या विद्यार्थ्याने या विभागासमोर उभे राहावे असे वाटते. बोटाचा ठसा एका माणसाला दुसऱ्यापासून वेगळे करतो; ज्या व्यवस्थेने संपूर्ण जमातीवर एकच शिक्का मारला तिलाच प्रत्येक बोट वेगळे असते हे ठाऊक होते, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात नसते.

फळीच्या शेवटी आधुनिक विषे असतात आणि तेथे मराठवाड्यातील माणसाची पावले जड होतात. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाची बाटली. चिठ्ठीवर रसायनाचे नाव, घातक मात्रा, लक्षणे, उतारा. कापूस आणि सोयाबीनच्या पट्ट्यात हीच बाटली घराच्या कोपऱ्यात किंवा आखाड्यावर असते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यांनी विष घेतले नव्हते, ते फवारत होते. आणि ज्यांनी घेतले त्यांच्या घरची गोष्ट शवविच्छेदनानंतर सुरू होते. तो अहवाल, व्हिसेराचा अहवाल, पंचनामा, सात-बारा, बँकेचे कर्जाचे कागद, अशी जुळणी करून प्रकरण समितीपुढे जाते आणि 'पात्र' किंवा 'अपात्र' असा शेरा मिळतो. पात्र ठरल्यास २००६ च्या शासन निर्णयानुसार एक लाख रुपये. सात-बाऱ्यावर जिचे नावच नाही ती शेतकरी बाई या जुळणीतून सहज बाहेर पडते. म्हणजे न्यायवैद्यकशास्त्र हे येथे केवळ गुन्ह्याचे शास्त्र राहत नाही, ते वारसांच्या भाकरीशी जोडलेले आहे. मग संग्रहालयातील त्या बाटलीशेजारी दुष्काळाचा, कर्जाचा, पडलेल्या भावाचा एक शब्दही का नसावा? 'मृत्यूचे कारण' या सदरात रसायनाचे नाव लिहिले की शास्त्राचे काम पूर्ण होते. संग्रहालयाचे होत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

असेच गर्भाच्या बरण्यांविषयी म्हणता येईल. शरीररचनाशास्त्राच्या संग्रहालयात आठवड्यांच्या क्रमाने मांडलेले गर्भ असतात. लिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला, आणि तरीही २०१२ साली बीड जिल्ह्यातील परळीचे प्रकरण घडले. या इतिहासाच्या प्रदेशात त्या बरण्या निव्वळ वाढीचे टप्पे दाखवतात असे मानणे कठीण आहे.

बँकॉकचे उदाहरण :

या प्रश्नाला एखाद्या संस्थेने प्रत्यक्ष उत्तर दिले आहे काय, हे पाहताना थायलंडमधील सिरिराज रुग्णालयाचा विचार करावा लागतो. राजा चुलालोंगकोर्न यांनी, बालवयात वारलेल्या आपल्या मुलाच्या नावाने, १८८८ मध्ये हे रुग्णालय स्थापन केले. तेथील वैद्यकीय संग्रहालये सामान्य जनतेस तिकीट काढून पाहता येतात आणि त्यांतील न्यायवैद्यकीय दालन जगप्रसिद्ध आहे. या दालनात सुमारे सहा दशके एका माणसाचा जतन केलेला देह काचेच्या उभ्या कपाटात ठेवलेला होता. सी उई या नावाने ओळखला जाणारा हा चिनी स्थलांतरित मजूर होता. बालहत्येच्या आरोपावरून १९५९ साली त्याला मृत्युदंड देण्यात आला आणि त्याच्या कपाटावर 'नरभक्षक' अशी चिठ्ठी लागली. मुलांना भीती घालण्यासाठी थायलंडमध्ये त्याचे नाव वापरले जाई.

येथे नाव होते, हे लक्षात घ्यावयास हवे. पण ते नाव नसण्याहून वाईट होते. त्याला थाई भाषा नीट येत नव्हती, त्याचा कबुलीजबाब कितपत विश्वासार्ह होता याविषयी पुढे गंभीर शंका उपस्थित झाल्या. २०१९ साली नागरिकांनी मोहीम उभारली. ज्या तप सके परिसरात तो राहिला व राबला होता तेथील रहिवासी तीत पुढे होते. आधी 'नरभक्षक' हा शब्द काढण्यात आला, नंतर देहच प्रदर्शनातून हलवण्यात आला, आणि कुणी नातेवाईक पुढे न आल्याने २३ जुलै २०२० रोजी तुरुंग प्रशासनाने बौद्ध विधीनुसार त्याच्यावर अंत्यसंस्कार केले. बेवारसाला साठ वर्षांनी गावाने वारसा दिला, असे याचे वर्णन करता येईल.

सिरिराज येथील घटनाक्रमात प्रस्तुत लेखकास सर्वांत महत्त्वाची वाटते ती पहिली पायरी : चिठ्ठी बदलणे. देह हलवण्याआधी शब्द हलवावा लागला. लंडनच्या हंटेरियन संग्रहालयानेही २०२३ मध्ये पुन्हा दारे उघडताना चार्ल्स बर्न या अठराव्या शतकातील उंच आयरिश माणसाचा सांगाडा प्रदर्शनात ठेवला नाही. आपला देह समुद्रात पुरावा अशी त्याची इच्छा होती आणि ती डावलून तो मिळवला गेला होता. इंग्लंडमध्येच ॲल्डर हे रुग्णालयात मुलांचे अवयव पालकांना न सांगता ठेवून घेतल्याचे उघड झाल्यावर २००४ चा मानवी ऊती कायदा आला आणि संमती हा त्याचा पाया ठरला. डॉ. आनंदीबाई जोशी ज्या फिलाडेल्फियात १८८६ मध्ये पदवीधर झाल्या, त्या शहरातील म्युटर संग्रहालयानेही गेल्या काही वर्षांत आपल्या संग्रहाचा नैतिक आढावा सुरू केला. आनंदीबाईंच्या अस्थी अमेरिकेत पोकिप्सी येथे नावाच्या शिळेखाली आहेत, कारण तेथे त्यांना 'मावशी' म्हणून जीव लावणारी एक बाई होती. वारस रक्ताचाच असावा लागतो असे नाही.

मराठवाड्याच्या संदर्भात :

परदेशातील ही उदाहरणे जशीच्या तशी आपल्याकडे लागू करण्यात अर्थ नाही. सर्व बरण्या पुरून टाकाव्यात, अशीही कुणाची मागणी असू नये. नमुना नाहीसा झाला तर त्या माणसाचे नाव परत मिळत नाही, फक्त त्याच्याकडून मिळणारे ज्ञानही जाते. शिवाय नांदेड-लातूरच्या शासकीय महाविद्यालयांत शिकणारा विद्यार्थी मोठ्या प्रमाणात शेतकरी घरातलाच आहे. त्याच्या हातून बरे होणारे रुग्णही त्याच घरांतले. संग्रहालयाची गरज त्याला आहे. प्रश्न मांडणीचा आणि शब्दांचा आहे.

२०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आला असून त्यात मृतदेह हाच आपला पहिला शिक्षक, हा एक घटक आहे. विच्छेदनापूर्वी शपथ घेण्याची पद्धतही रूढ होत आहे. ही स्वागतार्ह बाब आहे. पण शपथ विच्छेदनकक्षात संपते. बरणीपर्यंत ती पोचत नाही. या कामात वैद्यकीय महाविद्यालयांना भाषा विभागांची मदत घेता येईल आणि आपल्याकडे मनुष्यबळ नाही असे नाही. प्रत्येक चिठ्ठी मराठीतही असावी. जिच्या यकृतावर विद्यार्थी शिकतो तिला जी भाषा वाचता आली असती त्या भाषेत तिच्याविषयी एक ओळ असावी : अंदाजे वय, व्यवसाय, प्रदेश, साल, आणि देह कसा आला हे. नाव गोपनीय राहू द्यावे, पण नोंदवहीत ते आहे की नाही हे तरी लिहावे. विषाच्या फळीवर कण्हेर देवाला वाहतात एवढे लिहिण्याने विषशास्त्राचे काही बिघडणार नाही.

आपल्या भागाला अनोळखी मृत्यूचा अनुभव नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली आणि त्यांतील कित्येकांचे सामुदायिक दहन करावे लागले. ओळख पटवायला ओळखणारेच उरले नव्हते. त्या गावांतील जुने लोक आजही मृतांची नावे घराच्या क्रमाने सांगतात, या आळीत कोण, त्या वाड्यात कोण. अशा मौखिक नोंदी आमच्या विद्यार्थ्यांनी गोळा कराव्यात, हा वेगळ्या निबंधाचा विषय आहे.

राहता राहिला देहदानाचा अर्ज. महाराष्ट्रात देहदान करणाऱ्यांची संख्या वाढत असल्याचे समाधान सर्वत्र व्यक्त होते. दात्याचा देह विच्छेदनासाठी वापरला जाईल, हे त्याला ठाऊक असते. एखादा अवयव कायमचा बरणीत ठेवला जाऊ शकतो, तो विद्यार्थ्यांच्या पिढ्या पाहतील, क्वचित बाहेरचे लोकही पाहतील, हे त्याला वेगळे विचारले जावे. अर्जात त्यासाठी एक रकाना पुरेसा आहे : ठेवावा काय, किती काळ, आणि चिठ्ठीवर नाव असावे काय. काही दाते नाव असावे असे लिहितील. त्या चिठ्ठीवर ते कोणत्या अक्षरात आणि किती मोठे छापावे, हे मग महाविद्यालयाला ठरवावे लागेल.